तिच्या जेवणाची सुरुवात

त्या मंगळवारी इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या बायकोला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, तो यकृतापर्यंत गेला आहे आणि ऑपरेशन होणार नाही. केमो देता येईल, त्यामुळे काही महिने मिळतील, असं ते म्हणाले. तिने विचारलं, "तोवर मला जेवता येईल ना?" डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. आम्ही बसने उज्जैनला आलो, नानाखेड्याला उतरलो आणि ऑटोने घरी गेलो. तिने हात धुतले आणि कुकर लावला.

किती महिने, हे तिने विचारलं नाही. मी विचारणार होतो, पण तिच्या प्रश्नानंतर माझा प्रश्न तसाच राहिला. बसमध्ये मला वाटत होतं, धक्क्यामुळे ती काहीतरी बोलून गेली असेल. आता वाटतं, तिला जे खरोखर जाणून घ्यायचं होतं तेच तिने विचारलं होतं. खाण्यावर तिचं प्रेम होतं आणि ते तिने कधी लपवलं नाही. तिचं माहेर रतलामचं, वडील रेल्वेत, घरात भावंडं पुष्कळ. "आमच्याकडे जो बोलत बसला तो उपाशी राहिला," असं ती सांगायची. सांगताना स्वतः बोलत असायची आणि खातही असायची.

त्याआधी काही महिने ती वाळत चालली होती. कॉलनीत कौतुक व्हायचं. समोरच्या भाभीजी म्हणायच्या, "आप तो एकदम स्लिम हो गईं, क्या कर रही हो?" ती म्हणायची, "कुछ नहीं, बस इनकी तनख्वाह पर जी रही हूँ." मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो, तनख्वाह कधीच बंद झाली होती, हे भाभीजींनाही ठाऊक होतं. दोघी हसायच्या. पाठ दुखते म्हणून ती गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची. आम्ही ते वयावर ढकललं.

निदानानंतर केमो सुरू झाली, आणि मग पोटाचं सुरू झालं. आमच्या घरात शौचाबद्दल बोलायची पद्धत नव्हती. ती पद्धत तिने आठवड्याभरात मोडली.

"अहो, त्यात तेल आहे," ती सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली. "कढईत फोडणीचं राहतं ना, तसं. आणि पाणी ओतलं तरी जात नाही. तरंगतं."

मी वर्तमानपत्राची घडी केली.

"तुम्ही नका बघू हं जाऊन," ती म्हणाली. "मी नुसतं सांगून ठेवलं."

पोट बिघडलं की तूप बंद, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तूप बंद झालं, साय बंद झाली, रतलामी सेवेचा डबा वरच्या फळीवर गेला. मुगाची खिचडी, ताक, डाळिंबाचे दाणे. पुण्याहून मुलगी फोनवर रोज नवं पथ्य सांगायची, आणि भाभीजी कागदात बांधून इसबगोल पाठवायच्या. तिने सगळं निमूट खाल्लं, आणि तरी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

"खिचडी एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने जाते," ती म्हणाली. "मी नुसती मधली गल्ली आहे."

केमोच्या पुढच्या फेरीला तिने हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. तेलाचंही. त्यांनी समजावून सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं, कारण काही समजलं की लिहून ठेवायची मला सवय आहे. अन्न फोडणारे रस स्वादुपिंडात तयार होतात आणि आतड्यात येतात. स्निग्ध पदार्थांना तर त्यांची फारच गरज असते. गाठीमुळे ते रस कमी पडतात, त्यांची वाट अडते. मग माणूस जेवतो, पण जेवलेलं अंगी लागत नाही. भरल्या पानावर उपास घडतो. ते रस बाहेरून द्यायचे, कॅप्सूलमधून, जेवणाबरोबर.

"आणि तूप कोणी बंद केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्हीच," मी म्हणालो.

"चालू करा. यांना तुपाची गरज आहे. कॅप्सूल घ्या आणि खा."

बोनस जाहीर झाल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने डॉक्टरांना विचारलं, ही औषधं कशापासून करतात. डुकराच्या स्वादुपिंडापासून, त्यांनी सरळ सांगितलं. आमच्या घरात अंडंही कधी आलं नव्हतं. जिना उतरताना ती म्हणाली, "तुमच्या आईंना वर कळवू नका म्हणजे झालं." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

कॅप्सूल सुरू झाल्या. ती पान वाढून घ्यायची, पाटावर बसल्यासारखी सावरून खुर्चीत बसायची, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची आणि जेवायची. दुपारी तसं आणि रात्रीही तसंच. काही फरक पडला नाही. तेल तसंच, वजन आणखी कमी. मात्रा वाढवली, तरी तसंच. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर केमो झेपणार नाही, ती थांबवावी लागेल. जेवता येईल ना, या प्रश्नाचं उत्तर बदललं होतं, हे तिला आणि मला एकदमच कळलं.

त्यांनी आम्हाला तिथल्याच एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मुलगी इंदूरची, मराठी घरातली, आमच्या मुलीपेक्षा लहान. समोर कागद ओढून म्हणाली, "काकू, काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सकाळपासून सांगा."

"सकाळी चहा. मग दुपारी जेवले. एक पोळी, भाजी, थोडा वरणभात. कॅप्सूल घेतली."

"मध्ये काही नाही?"

"नाही."

मी कधी मध्ये बोलत नाही. पण तिथे खोलीत इतकी शांतता होती की माझ्या तोंडून निघालं, "आणि साय?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "साय काय खाण्यात धरायची?"

"आणि पहिली पोळी?"

"ती बघायला असते. तवा तापलाय की नाही ते."

"ती कशी बघतेस?"

"खाऊन," ती म्हणाली, आणि हसायला लागली. ती मुलगी हसली, मीही हसलो. बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून आत बघायला लागले. त्या दवाखान्यात हसण्याचा आवाज फारसा होत नसावा.

तिच्या जेवणाची पद्धत मी पाहिली फारशी नव्हती, ऐकली होती. मी टेबलावर पाण्याच्या तांब्याला पुस्तक टेकवून जेवायचो, आणि स्वयंपाकघर माझ्या पाठीशी असायचं. नैवेद्य दाखवेपर्यंत ती कशालाही तोंड लावत नसे. देवासमोरची वाटी उचलली की तिचं सुरू व्हायचं. पहिली पोळी तव्यावरून उतरायची, ती फाडल्याचा आवाज यायचा, तुपाच्या भांड्याचं झाकण वाजायचं. कढईतली भाजी उलथन्याने तळहातावर. सेवेच्या डब्याचं घट्ट झाकण, मग मूठभर सेव. दुधाच्या पातेल्यावरची साय बोटाने, वर साखर. मला एकेक गरम पोळी आणून वाढताना तिच्या तोंडात काहीतरी असायचंच. माझं जेवण झालं की उरलेलं वरण ती पातेल्यातच भात घालून पुसून घ्यायची. हे सगळं उभ्याने, ओट्याशी, रेडिओ ऐकत. त्यानंतर ती पान वाढून घ्यायची आणि "बसते आता जेवायला" म्हणायची. तोवर जेवण कधीच होऊन गेलेलं असायचं. ते पान तिने सासूबाईंच्या वेळेपासून सांभाळलेला रिवाज होता, आणि कॅप्सूल ती त्या रिवाजाबरोबर घेत होती.

हसणं थांबल्यावर त्या मुलीने सांगितलं की कॅप्सूल पहिल्या घासाला घ्यायची आणि दुसरी अर्ध्या जेवणात. मधल्या वेळचं दूध, सेव, काहीही असलं तरी त्याबरोबरसुद्धा. "काकू, मग तुमचा पहिला घास कुठला?"

तिने खरंच विचार केला. "मला नाही गं सांगता येणार," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. सांवेर गाव मागे पडल्यावर म्हणाली, "विरजण दुधात कालवतात. दूध पिऊन झाल्यावर मागून चमचाभर विरजण खाल्लं, तर काय उपयोग? इतकी वर्षं दही लावतेय, आणि हे मला कळू नये?"

"मलाही कळलं नाही."

"तुम्हाला कुठून कळणार. तुम्हाला दही फ्रिजमध्ये उगवतं असं वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून तिने बसून जेवायचं ठरलं. तिला ते मुळीच आवडलं नाही. "पाहुणीसारखी बसू का मी माझ्याच घरात?" ओट्याशी उभं राहून खाणं ही तिची दिवसातली सगळ्यात चांगली वेळ होती, तिच्या एकटीची. मला आधी वाटायचं की ती बिचारी शेवटी जेवते. तसं नव्हतं. ती सगळ्यांच्या आधीपासून जेवत होती आणि मजेत जेवत होती. आजाराने तिचं बरंच काही घेतलं, त्यात हेही घेतलं.

पोळ्या सगळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. "गार पोळी चालेल तुम्हाला?" तिने विचारलं. चालेल म्हणालो. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच पळत होते," ती म्हणाली. नैवेद्यानंतर तोंड बंद. मी पानं मांडायची. आम्ही समोरासमोर बसलो. तिने कॅप्सूल जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, घास घेतला आणि उठली.

"बस ना गं."

"बसलेय की."

"उभी आहेस."

"मीठ राहिलं." मीठ आणलं. मग लिंबू. मग गॅस नीट बंद झाला का ते बघायला. दुसऱ्या दिवसापासून मीठ, लिंबू, लोणचं, पाणी, सेवेचा डबा, सगळं आधी टेबलावर आणून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. माझं पुस्तक तिने उचलून आतल्या खोलीत ठेवलं. "मी इथे बसायचं आणि तुम्ही त्यात? त्यापेक्षा मी कढईशी बोलते, ती निदान चुरचुरते तरी."

आठवडा गेला असेल. एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली. मी घाबरून धावलो. दार उघडून ती उभी होती, एका हाताने भिंत धरून.

"बुडलं!"

"काय?"

"बुडलं हो! तळाशी गेलं. तेल नाही, काही नाही."

मी तिथेच पायपुसण्यावर बसलो. ती म्हणाली, "बसताय काय, मुलीला फोन करा." मी मुलीला फोन केला आणि ही बातमी कोणत्या शब्दांत द्यावी ते मला कळेना. शेवटी तिने फोन हातातून घेतला आणि सरळ सांगून टाकलं. पलीकडून मुलीचं हसणं ऐकू आलं.

पुढच्या फेरीला वजन थांबलेलं होतं. त्याच्या पुढच्या फेरीला किंचित वाढलेलं. केमो चालू राहिली. आजार होता तिथेच होता, हे आम्हाला माहीत होतं. डॉक्टरांनीही ते पुन्हा सांगितलं. पण तूप परत आलं. रविवारी बाफले झाले, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले, त्या दिवशी मात्रा जास्त. कॅप्सूलच्या डब्या तिच्या पर्समध्ये, देवापाशी, टेबलावर ठेवलेल्या असायच्या. चहाबरोबर मात्र घ्यायच्या नाहीत, कढत पेयात त्या निकामी होतात. "विरजणासारख्याच," ती म्हणाली, तिला आता सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं.

एकदा देवास गेटला पोहे-जलेबी खायला गेलो. पोहेवाल्याने पोह्यांचा दोना पुढे केला. तिने घास घेता घेता कॅप्सूल तोंडात टाकली. तो म्हणाला, "भाभीजी, गैस की गोली है क्या? हमारे पोहे से गैस नहीं होती."

"गैस की नहीं है भैया. टिकट है. इसके बिना पोहे को अंदर बैठने नहीं देते."

"तो जलेबी का अलग टिकट लगेगा?"

"लगेगा ना," ती म्हणाली, आणि दुसरी कॅप्सूल काढून त्याला दाखवली.

ते महिने आम्ही रोज दोन वेळा समोरासमोर बसून जेवलो. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. लग्नकार्यांत, प्रवासात आम्ही शेजारी बसून जेवलो असू, घरात कधीच नाही. ती कशी जेवते हे मला तेव्हा दिसलं. ती आधी आंबट खायची. लिंबू सगळ्यावर पिळायची, आमरसावरसुद्धा दोन थेंब. पोळीचा घास मोडताना करंगळी वर धरायची. भात कालवताना बोलणं थांबायचं. भात झाला की पुन्हा सुरू. अर्ध्या जेवणात दुसरी कॅप्सूल घ्यायची, तेव्हा "मध्यंतर" म्हणायची आणि त्या मध्यंतरात काहीतरी सांगायची. रतलामच्या रेल्वे क्वार्टरमधलं, तिच्या थोरल्या बहिणीचं, लग्नानंतर या घरी आल्यावर माझी भीती वाटायची त्याचं.

"माझी भीती?"

"तुम्ही बोलायचाच नाहीत. मला वाटायचं, स्वयंपाक आवडला नाही."

"आवडायचा की."

"ते मला ओट्यापाशी कसं कळणार? पाठ दिसायची तुमची."

मला ते महिने हवे आहेत. कुणाशी बोलताना हे म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहितो. लोक म्हणतात, चांगले दिवस आठवा, आजारपण विसरा. चांगले दिवस पुष्कळ होते आणि ते मला आठवतात. पण दुपारी जी ओढ लागते ती त्यांची नसते. ती त्या दिवसांची असते जेव्हा तिचे केस गेलेले होते, डोक्याला सुती रुमाल बांधलेला होता, आणि ती समोर बसून घास चावत माझ्याकडे बघत होती. तो आजार तिला व्हायला नको होता. आजार नसता तर ती ओट्याशी उभी राहून सेव खात राहिली असती आणि मी वाचत राहिलो असतो, आणि तेच बरं झालं असतं. हे मला नीट कळतं. तरी दुपारी ओढ त्याच महिन्यांची लागते.

पावसाळा संपता संपता तिची भूक गेली. तेल परत आलं नव्हतं, पोट दुखत नव्हतं, फक्त घास पुढे जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, खाल्लेलं पचवायचं काम कॅप्सूल करतील, भूक त्या आणू शकत नाहीत. आजार पुढे गेला आहे. केमो थांबवू.

"आधी खाववत होतं आणि पचत नव्हतं," बसमध्ये ती म्हणाली. "आता पचायची सोय आहे, तर खाववत नाही. सरकारी कामासारखं झालं."

तरी ती टेबलाशी येऊन बसायची. स्वयंपाक तोवर मी करायला लागलो होतो. ती एक घास घ्यायची, कधी दोन. त्या एका घासालाही कॅप्सूल घ्यायची, "त्याचा तरी काय दोष," म्हणून. मग एका दुपारी तिने पान बाजूला सारलं.

"आज नको. तुम्ही जेवा. मी बसते."

मी पोळी मोडली आणि तशीच हातात धरून बसलो.

"जेवा नीट," ती म्हणाली. "माझ्यासमोर उपाशी राहायचं नाही. मला बघायचंय."

मी जेवलो. ती हनुवटीखाली हात ठेवून बघत होती.

"आमटीत मीठ?"

"बरोबर आहे."

"खोटं."

"थोडं कमी आहे."

"घ्या मग वरून. लाजता काय." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही फार पटापट जेवता. कोणी मागे लागलंय का?"

मी हळू जेवायला लागलो. आमटी गार झाली, भात गार झाला. मी शक्य तितके लहान घास घेतले. पान संपू नये असं मला वाटत होतं, आणि तिलाही तसंच वाटत असावं, कारण तिने मला आणखी भात घ्यायला लावला.

असं काही दिवस चाललं. मग तिला खुर्चीत बसवेना. मुलगी पुण्याहून आली. आम्ही पलंगापाशी चमच्याने पाणी देत होतो, कधी ताक. एका सकाळी ती गेली, घरीच, मुलगी केस विंचरून देत असताना. जे थोडे केस परत आले होते, तेच.

तेरावा झाल्यावर मुलगी पुण्याला परत गेली. तिची नोकरी होती, मीच जा म्हणालो. उरलेल्या कॅप्सूलच्या न उघडलेल्या डब्या मी इंदूरला नेऊन त्या आहारतज्ज्ञ मुलीकडे दिल्या. तिने त्या घेतल्या आणि म्हणाली, "काका, चहा घेणार?" आम्ही चहा घेतला. बाहेर बाकावर माणसं होती.

त्याला आता वर्ष होत आलं. समोरच्या भाभीजी कधी भाजी पाठवतात. मुलगी रोज दुपारी फोन करते आणि विचारते, "बाबा, जेवलात?" मी हो म्हणतो. खरंच जेवलेला असतो. पोळ्या बऱ्या होतात. घरात मी एकटा आहे, आणि भूक वेळेवर लागते.